केटल बेंडची हजेरी

८ जानेवारी, मंगळवार
नवीन वही. जुनी भरली म्हणून नव्हे. राष्ट्रीय मान्यतेचं वर्ष स्वतंत्र वहीत असावं, म्हणून.

आमच्या पेरिन काउंटीच्या आपत्ती व्यवस्थापनाला मान्यता मिळाली तर मिसूरीच्या या कोपऱ्यातली ती पहिली असेल. निकषांचं पुस्तक मी इतक्यांदा वाचलंय की कुठला निकष कुठल्या पानावर आहे ते झोपेतही सांगेन. मी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. धान्याच्या कोठारांवर यंत्रं दुरुस्त करत होतो, मग अग्निशमनात स्वयंसेवक, मग इथे. जे शिकलो ते रात्री जागून, स्वतःच्या खर्चाने. त्यामुळे एप्रिलमध्ये मूल्यमापक येतील तेव्हा त्यांना एकही स्वल्पविराम चुकलेला सापडता कामा नये.

पहिलं घोडं मंगळवारच्या हजेरीत अडलं. दर मंगळवारी संध्याकाळी सात वाजता कोर्टाच्या तळघरातल्या आमच्या नियंत्रण कक्षातून हौशी रेडिओ मंडळाचा व्हर्जिल स्टकी रेडिओवर नदीकाठच्या टेहळणी ठाण्यांची नावं पुकारतो. प्रत्येकाने सांगायचं ते एवढंच: ठिकाण, पाणी, माणसं. नाव पुकारल्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही. उत्तर नाही आलं तर तीनदा पुकारायचं. नियम उत्तम आहे. गोची शेवटच्या नावाची आहे. सगळी नावं संपल्यावर व्हर्जिल म्हणतो, "केटल बेंड." तीनदा. मग थोडा थांबतो आणि यंत्र बंद करतो.

केटल बेंड ही नदीकाठची वस्ती आता उरलेलीच नाही. मोठ्या पुरानंतर सरकारने तिथली सगळी घरं विकत घेऊन पाडली. आता तिथे फक्त गवत उगवू शकतं, तसा कायदाच आहे. सगळ्यांच्या सह्या मी स्वतः मिळवल्या होत्या, माझे सासरे एल्डन प्रूइट यांचीही. त्यांनी सगळ्यात शेवटी केली. तिथलं टेहळणी ठाणं तेच चालवायचे. पुढे गावातल्या फ्लॅटमध्ये, पहिल्याच हिवाळ्यात, हृदयविकाराने गेले. माझ्या आराखड्यात केटल बेंडची लोकसंख्या शून्य आहे. शून्य म्हणजे शून्य.

व्हर्जिलला म्हटलं, "मूल्यमापक विचारतील, नसलेल्या ठाण्याला हाका का मारता?"
"सांग त्यांना, म्हातारा चळलाय."
"हे उत्तर लिहून देता येत नाही, व्हर्जिल."
"अरे ऑरिन, रेडिओवाला मेला की त्याचं नाव एकदा तरी पुकारतात. आमची रीत आहे ती. मी जरा जास्तवेळा पुकारतो, एवढंच. एल्डनने चाळीस वर्षं उत्तर दिलंय मला."

वाद वाढवला नाही. घरी आलो तर बायकोही नव्हती, ग्लेंडा. मंगळवारी तिची चर्चमध्ये गाण्याची तालीम असते.

१५ जानेवारी, मंगळवार
आज केटल बेंडवरून उत्तर आलं.

जसं घडलं तसं लिहितो. व्हर्जिलने तिसऱ्यांदा पुकारलं. खरखर झाली. कुणीतरी घसा खाकरला, मग पुरुषाचा सावकाश आवाज: "केटल बेंड. पाणी पायऱ्यांच्या खाली. माणसं एक."

व्हर्जिलचा हात यंत्रावरच राहिला. मग तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "ऐकलं, केटल बेंड. शुभ रात्री." आणि डोळे पुसले. मी त्याला स्पष्ट सांगितलं की हा चावटपणा आहे. पाणी पायऱ्यांवरून मोजायची सवय सासऱ्यांची होती, घसा खाकरायचीही, आणि हे सगळ्या काउंटीला ठाऊक आहे. नक्कल चांगली होती, कबूल. पण नक्कलच.

ग्लेंडाला जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "काय म्हणाला तो?" मी शब्द न् शब्द सांगितलं. तिने ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. नक्कल करणाऱ्यांना पकडणारच म्हटल्यावर तिने काटा खाली ठेवला आणि म्हणाली, "पाई आणू?"

५ फेब्रुवारी, मंगळवार
लागोपाठ चौथा मंगळवार. तेच शब्द. गेल्या आठवड्यात नदी थोडी चढली होती, तेव्हा "पाणी पहिल्या पायरीला" असं आलं. मी पूल खात्याच्या मोजपट्टीशी ताडून पाहिलं. बरोबर होतं. चावटपणा करणारा कष्टाळू आहे.

गॅरेजमधला माझा जुना रेडिओ फळीवर नाही. बिनकामाचाच आहे, त्यावर फक्त ऐकता येतं, बोलता येत नाही. तरी वस्तू जागेवर नसली की माझं डोकं फिरतं. ग्लेंडाला विचारलं तर म्हणाली, "तुझ्या वस्तू तुलाच माहीत."

९ फेब्रुवारी, शनिवार
दिवसाउजेडी केटल बेंडला जाऊन आलो. वर्षानुवर्षं फिरकलो नव्हतो. रस्ते आहेत, वळणं आहेत, एका कोपऱ्यावर अजून पाटी आहे. घरं तेवढी नाहीत. गवत कापलेलं, सारखं. माणूस अशा जागी आपोआप पायवाटेवरून चालतो, कुणाच्या अंगणात पाय पडू नये म्हणून. मी स्वतःला तसं चालताना पकडलं आणि मुद्दाम गवतातून गेलो.

प्रूइटांच्या घराच्या सिमेंटच्या पायऱ्या ठेकेदाराने तशाच सोडल्यात. चढून गेलं की पुढे काही नाही. करारभंग आहे, पत्र टाकणार. सगळ्यात वरच्या पायरीवर बर्फ नव्हतं. बाकी सगळ्या पायऱ्यांवर होतं.

गाडीच्या चाकांच्या खुणा मात्र मिळाल्या. येतात, स्वयंपाकघर होतं त्या जागेशेजारी थांबतात, परत जातात. मागचं डावं टायर आतल्या बाजूने घासलेलं. फोटो काढले. शेरीफला देणार.

परतताना ग्लेंडाची गाडी टायर बदलायला टाकली. मागचं डावं अगदीच गेलं होतं. या बाईला अशा गोष्टी दिसतच नाहीत.

१९ फेब्रुवारी, मंगळवार
आज मी हजेरीच्या वेळी सगळे संशयित एकत्र बसवले. व्हर्जिलच्या रेडिओ मंडळातले ज्यांच्याकडे यंत्रं आहेत ते सगळे, तळघरात, माझ्यासमोर. कॉफी ठेवली. एकजण म्हणाला, "ऑरिन टॅकेटने फुकट कॉफी पाजली, आता पूर येणार बघा." हशा झाला.

व्हर्जिलने पुकारलं. उत्तर आलं. "माणसं एक."

हसणं थांबलं. कोणी कप खाली ठेवला नाही, कोणी प्यायलं नाही. मग सगळे एकेक करून टोप्या घालून गेले. व्हर्जिल मला म्हणाला, "झालं समाधान?" मी म्हटलं, बाहेरच्या काउंटीतला कोणीतरी आहे.

मला सगळ्यात कशाचा राग येतो ते इथे लिहायला हरकत नाही. तो दर वेळी "एक" म्हणतो तेव्हा, आराखडा न उघडताही, मला माझं शून्य चुकल्यासारखं वाटतं.

५ मार्च, मंगळवार
निर्णय घेतला. केटल बेंड हजेरीतून काढलं. लेखी आदेश, माझी सही, आजपासून लागू.

व्हर्जिलने कागद वाचला, घडी करून खिशात घातला. "तो पुकारल्याशिवाय बोलत नाही, ऑरिन. शिस्तीचा माणूस."
"म्हणूनच. पुकारू नका."
"आणि त्याला कधी काही सांगायचं असलं तर?"
"कोणाला, व्हर्जिल?"
तो यंत्राकडे वळला.

आज नावं संपल्यावर व्हर्जिलने यंत्र बंद करायला उशीर लावला. वाहिनी मोकळी होती. पलीकडे कोणी बोललं नाही, पण नुसती खरखर आणि समोर कोणीतरी बटण दाबून धरल्याची खरखर यातला फरक मला कळतो. ती दुसरी होती. बराच वेळ. मग सुटली.

ग्लेंडा उशिरा आली. बुटांना चिखल. म्हणाली, तालीम लांबली. मी सांगितलं की केटल बेंडचं नाव काढून टाकलं, भानगड मिटली. तिने आधीच धुतलेल्या ताटल्या पुन्हा धुवायला घेतल्या. मी म्हटलं, अगं, त्या स्वच्छ आहेत. ती पाण्याखाली धरूनच राहिली.

२४ मार्च, रविवार
चर्च सुटल्यावर पास्टर भेटले. म्हणाले, आमच्या गाण्यांच्या बाई टल्साला गेल्यापासून रविवार सुना झालाय, ग्लेंडाचा आवाज फार आठवतो. मी म्हटलं, हो, गोड आहे. डोक्यात निवारा केंद्रांचे नकाशे होते. पास्टरांच्या तळघराची क्षमता मी परवा दुरुस्त केली ती त्यांना सांगितली.

उत्तरेकडे पाऊस फार आहे.

८ एप्रिल, सोमवार
मूल्यमापक आले. तिघे. प्रमुख लुइझियानाच्या, जोअ‍ॅन थिबोडो. साठीच्या, बारीक, चष्मा केसांत खोवलेला. बाईंनी किती पूर पाहिलेत ते त्या सांगत नाहीत, पण खोलीत शिरल्या की आधी बाहेर पडायचं दार बघतात.

"मिस्टर टॅकेट, कागद सुरेख आहेत," म्हणाल्या. "आता माणसं दाखवा." उद्या हजेरीला बसणार आहेत.

नदी चढतेय. सर्वोच्च पातळी गुरुवारी, असा अंदाज. मूल्यमापनाच्या आठवड्यात खरा पूर. बाकीचे घाबरलेत. मला मनातून आनंद झाला, हे या वहीत कबूल करतो.

१० एप्रिल, बुधवार
कालचं आज लिहितोय.

पाणी अंदाजाच्या दोन दिवस आधी आलं. दुपारनंतर मिल रोडवरच्या फिरत्या घरांच्या वस्तीत शिरलं. अग्निशमनप्रमुख बक हाइन दोन बोटी घेऊन तिकडे. सात वाजता हजेरी. मूल्यमापक माझ्या मागे खुर्च्यांवर. ठाणी एकेक करून स्वच्छ उत्तरं देत होती. माझी छाती फुगली होती.

शेवटचं नाव झालं. व्हर्जिलने यंत्र बंद केलं नाही. वाहिनी उघडी. आणि पलीकडे कोणीतरी घसा खाकरला.

एवढंच. शब्द नाही. पुन्हा खाकरला.

थिबोडोबाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "तुमचं एक ठाणं थांबलंय. पुकारत का नाही?"
"ते ठाणं नाही, मॅडम. तिथे लोकसंख्या शून्य आहे."
"मग खोकतंय कोण?"

मी म्हटलं, एक मिनिट. मला यायला उशीर होईल असं ग्लेंडाला कळवायचं होतं, म्हणून फोन लावला. खरं सांगायचं तर का लावला ते मला ठाऊक नाही. तिने उचलला नाही. चर्चला लावला. पास्टर म्हणाले, "तालीम? ऑरिन, नोव्हेंबरपासून इथे कोणी गात नाही. तुला सांगितलं होतं मी."

फोन ठेवताना डोळ्यांसमोर आलं ते तिच्या गाडीचं घासलेलं टायर. मी स्वतः बदलून घेतलेलं.

केटल बेंडला जायला एकच सखल रस्ता. पाणी आलं की पहिल्यांदा तोच जातो. हे मीच आराखड्यात लिहिलंय.

व्हर्जिल उठला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी माइक घेतला. माझाच लेखी आदेश माझ्याच सहीने व्हर्जिलच्या खिशात.

"केटल बेंड."
खरखर.
"केटल बेंड, पेरिन नियंत्रण."
काही नाही. तिसऱ्यांदा कसं म्हटलं ते आठवत नाही. व्हर्जिल म्हणतो, मी विनवणी केली. तसं नसावं.

"केटल बेंड," आवाज आला. अगदी सावकाश. नाव काढल्याबद्दल राग नाही, काही नाही. "पाणी चौथ्या पायरीवर. माणसं दोन."

दोन. खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं.

मी बक हाइनला बोट मागितली. तो ओरडला, "डोकं ठिकाणावर आहे का? तुझ्याच कागदावर तिथे शून्य माणसं! इथे म्हाताऱ्या बाया खिडकीतून हात करताहेत!"
"एक बोट, बक."
"कोणी सांगितलं तुला?"
"ठाण्याने."
"कुठल्या?"
"बक, ग्लेंडा तिथे आहे."
तो म्हणाला, "आधी बोलायचंस ना, गाढवा."

टेबलावर माझा आराखडा त्या पानावर उघडा होता. थिबोडोबाईंनी तो मिटला.

ग्लेंडा पायऱ्यांवर सापडली. सगळ्यात वरच्या. पाणी गुडघ्यांना, एक हात बाजूला उंच धरलेला. बक म्हणतो, कठडा धरावा तसा. तिथे कठडा नाही. गाडी वाहून गेली होती. ती एकटीच होती. बकने दोनदा चक्कर मारली, दिवा टाकून, हाका मारून. दुसरं कोणी नाही. मिल रोडवरचेही सगळे दुसऱ्या बोटीने निघाले, कोणी दगावलं नाही. हे मी तीनदा विचारून घेतलं.

पहाटे दवाखान्यात तिला विचारलं, "दर मंगळवारी?"
"व्हर्जिल बाबांचं नाव घेतो ते ऐकायला. स्वयंपाकघरात बसून."
"स्वयंपाकघर नाहीये तिथे, ग्लेंडा."
"तुझ्यासाठी नाहीये."
"पण मी नाव काढलं होतं. मग कशाला गेलीस?"
"नाव घेत नाहीत म्हणून एकटं सोडायचं?"

मी विचारलं, उत्तर कोण द्यायचं. तिच्याकडे माझा तो जुना रेडिओ, त्यावर बोलता येत नाही. तिने उशीवर मान वळवून माझ्याकडे पाहिलं, कीव आल्यासारखं. "तुम्हा लोकांना उत्तर ऐकू यायचं?" म्हणाली. "मला नुसती खरखर यायची. तू घरी येऊन सांगायचास तेव्हा कळायचं."

११ एप्रिल, गुरुवार
समारोपाची बैठक. बोट कुठल्या माहितीवर पाठवली, हा प्रश्न येणारच होता. प्रत्येक कृतीला आधार लागतो. रात्रभर उत्तरं तयार केली. बायको हरवल्याचा संशय, हे धकलं असतं. खरंही होतं, अर्धं.

थिबोडोबाईंनी विचारलं.
मी म्हटलं, "केटल बेंडच्या टेहळणी ठाण्याने कळवलं."
"टेहळ्याचं नाव?"
"एल्डन प्रूइट."
"त्यांच्याशी बोलता येईल?"
"ते नऊ वर्षांपूर्वी वारले."

त्यांच्यातला तरुण मूल्यमापक पेन खाली ठेवून छताकडे बघू लागला. मान्यता गेली, हे मला त्याच्या मानेवरून कळलं. सगळी रात्रीची जागरणं गेली. विचित्र म्हणजे, त्या क्षणी मला फक्त भूक लागली.

थिबोडोबाई म्हणाल्या, "मी खोलीत होते, मिस्टर टॅकेट. मी जे ऐकलं तेच लिहिणार. आमच्याकडे पाण्यात गेलेल्या वस्त्या फार आहेत." मग चष्मा केसांत खोवत, "पण मी तुमच्या जागी असते तर ते 'दोन' लक्षात ठेवलं असतं. त्यांनी तुमच्या बायकोला आधीच आपल्यात मोजलं होतं."



१८ जून, मंगळवार
निकाल आला. मान्यता सशर्त. एकच शेरा: "यादीत नसलेलं एक ठाणं कार्यरत आढळलं. नऊ महिन्यांत त्याची रीतसर नोंद करावी किंवा ते बंद असल्याचा पुरावा द्यावा."

ऑफिसात टाळ्या वाजल्या. केक आला. मी शेरा पुन्हा वाचला. व्हर्जिल म्हणाला, "कर आता. दे पुरावा."

ग्लेंडा बरी आहे, पण ऐकते कमी. म्हणजे माझं. टेबलावर बोलता बोलता थांबते, मान थोडी कलती करते, आणि मग मी काय म्हटलं ते पुन्हा विचारते. काल भाजी ढवळताना हलकेच म्हणाली, "पहिली पायरी कोरडी झाली." मी मोजपट्टी पाहिली नाही.

२ जुलै, मंगळवार
ठाण्याची नोंद करायची तर प्रमुख आणि मदतनीस अशी दोन नावं लागतात. प्रमुखाच्या जागी सासऱ्यांचं नाव माझ्याच हाताने लिहिलं, वळणदार. मदतनीसाची जागा मोकळी होती. ग्लेंडा माझ्या खांद्यावरून पाहत होती. म्हणाली, "माझं लिही."
मी म्हटलं, "नाही."
"त्यांना सोबत हवी, ऑरिन."
"असेल. तू नाही." आणि मी माझं लिहिलं. ती इतकं हसली की मला वाईट वाटलं. "तू? तू तर अंगणातून न विचारता चालत जातोस."

बोलता येतं असं यंत्र घेऊन संध्याकाळी दोघे गेलो. पूर ओसरल्यावर गवत पुन्हा सारखं झालंय, खालून कोणी कंगवा फिरवल्यासारखं. मी पायवाटेवरून गेलो. पायऱ्यांशी थांबून, लाज सोडून, आत येऊ का विचारलं. ग्लेंडा आधीच वर जाऊन बसली होती, डाव्या टोकाला, मध्ये जागा सोडून. मी उजव्या टोकाला बसलो. सिमेंट दिवसभराच्या उन्हाने तापलेलं, पण आमच्या मधला भाग गार होता. हात लावून पाहिला, मग काढला.

सात वाजले. व्हर्जिल एकेक ठाणं घेत यादीत खाली येत होता. मग म्हणाला, "केटल बेंड."

नोंदीत माझं नाव आहे. उत्तर देणं माझं काम आहे. काय बोलायचं ते सकाळपासून पाठ केलं होतं. ठिकाण, पाणी, माणसं. माणसांच्या आकड्याशी येऊन मी अडलो, तरी अंगठा बटणावर ठेवला.

ग्लेंडाने मधल्या गार जागेवरून हात आणून माझं मनगट धरलं.

"थांब," ती म्हणाली. "तुझी पाळी नाही."